पिवळं फडकं

“हात लावू नका हो इतक्यात, मिस्त्री. आधी मला नुसतं बघू द्या,” सुकुमार अण्णा म्हणाले आणि गाडीपासून चार पावलांवर थांबले.

साताऱ्याच्या अलीकडे, हायवेला लागून शेलारचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. पत्र्याच्या शेडखाली वीस-बावीस गाड्या खेटून उभ्या होत्या आणि ही एकटी बाजूला, धुऊनपुसून ठेवलेली. लाल, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. बाहेरच्या देशात बनलेली खरीखुरी स्पोर्ट्स कार. मार्चमधले सकाळचे दहा वाजले होते, तरी पत्रा तापायला लागला होता. अण्णांनी पायातल्या चपला काढल्या नव्हत्या एवढंच. बाकी त्यांची उभं राहण्याची तऱ्हा देवळातली होती.

अण्णा म्हणजे सुकुमार मगदूम. शिरोलीला त्यांची फाउंड्री. डिप्लोमाला असताना त्यांनी खोलीच्या भिंतीवर अशाच एका गाडीचं कॅलेंडर लावलं होतं. वडिलांनी ते फाडलं नाही, पण डिप्लोमा पुरा व्हायच्या आतच पोराला भट्टीसमोर उभं केलं. पुढची पंचवीस वर्षं लोखंड ओतण्यात गेली. आदल्या वर्षी वडील वारले, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी अण्णांना ते कॅलेंडर पुन्हा आठवलं.

मी हिंदुराव सुतार. डेंटिंग-पेंटिंगचं काम. माझं गॅरेज अण्णांच्याच फाउंड्रीच्या आवारात, मागच्या कोपऱ्यात होतं. जागा त्यांनीच दिलेली. पंधरा वर्षांत त्यांनी सात गाड्या घेतल्या, सगळ्या जुन्या, आणि एकही माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय घेतली नाही.

“वहिनी काय म्हणाल्या?” येताना व्हॅनमध्ये मी विचारलं होतं.

“ती काय म्हणणार? म्हातारपणी कसला चळ लागलाय म्हणाली. मग म्हणाली, हिंदुराव मिस्त्री हो म्हणाले तरच आणा. न्हाईतर मोकळ्या हातानं परत या.” मग ओशाळं हसून त्यांनी सीटखालची पिशवी पायानं पुढे सरकवली. “नारळ आणलाय तसा.”

नारळ घेऊन गाडी बघायला जाणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

आमची गाडी घेण्याची एक रीत ठरून गेली होती. ती मुळात माझी, पण रंगवली अण्णांनी. मी गाडीभोवती फिरायचं आणि विकणाऱ्याच्या तोंडावर, आवारात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, दोष काढायचे. क्लच संपलाय. गिअरबॉक्स रडतोय. ही तर पुरात बुडालेली दिसते, अण्णा, चला. यातलं बहुतेक खोटं असायचं. विकणारा हबकायचा, शपथा घ्यायचा आणि भाव खाली यायचा. एकदा एका जीपवाल्याला मी इतकं घाबरवलं की त्यानं टेप फुकट दिला, वर आम्हाला उसाचा रस पाजला. परत येताना अण्णा हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकायचे.

मग खरं काय आहे ते अण्णांना कळायचं कसं? त्यासाठी माझं फडकं होतं. हात पुसायचं, पिवळ्या फ्लॅनेलचं. तपासणी झाली की मी हात पुसायचो. गाडी चांगली असेल तर फडकं खांद्यावर टाकायचं. घेण्यासारखी नसेल तर बॉनेटवर ठेवायचं. तोंडानं मी काही का बडबडेना, अण्णा बघायचे ते फडकं. ही खूण आम्हा दोघांतच होती. वहिनींना माहीत नव्हती, माझ्या बायकोलाही नाही. आपलं गुपित आहे याचीच अण्णांना जास्त मजा वाटायची.

आणखी एक होतं. फडकं बॉनेटवर पडलं की अण्णा तसेच निघून यायचे नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणायचे, “कशावरनं? दाखवा.” कारखानदार माणूस, दोष डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग वाकून, बोट लावून बघायचे आणि मान हलवायचे.

“झालं बघून,” अण्णा म्हणाले. “आता तुमचं चालू द्या.”

शेलार पाठीमागे हात बांधून उभा होता. पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी. “बघा, बघा. निवांत बघा. अशी गाडी आख्ख्या जिल्ह्यात न्हाई.”

मी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवत गेलो. खड्डे बुजवायची पुट्टी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. मग बोटांच्या पेरांनी टकटक. कोरा पत्रा वाजतो, भरलेला मुका राहतो. पुढचा भाग ठीक होता. मागचाही. डाव्या दाराची फट वरून खाली येताना सुताभर कमी होत होती. एवढं जुन्या गाडीला असायचंच.

मी दार उघडून आत ओणवा झालो आणि डाव्या सीटमागचं कार्पेट उचललं.

तळाला एक सांधा होता. या दारापासून त्या दारापर्यंत, गाडीच्या पोटावरून सरळ आडवा गेलेला. कारखान्यातून निघालेल्या गाडीला तिथे सांधा नसतो. वर फटी बुजवायचा सीलर भरून तो बोटानं दाबत नेलेला. आणि त्या सीलरवर, पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत, एक वळ होता. मधे खोल, एका कडेला सपाट.

माझ्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरावर तुटलेली आहे. उमेदवारीत असताना पत्र्याच्या कातरीत गेली. त्या थोट्या बोटानं मी सीलर दाबतो तेव्हा असाच वळ उमटतो, दुसऱ्या कुणाचा उमटत नाही. अण्णांच्या प्रत्येक गाडीत कुठे ना कुठे तो होता. ते त्याला माझी सही म्हणायचे.

मी कार्पेट खाली सोडलं. मग पुन्हा उचलून पाहिलं.

पाच वर्षांपूर्वी फाउंड्री संपामुळे तीन महिने बंद होती आणि मलाही काम नव्हतं. तेव्हा एक ओळखीचा माणूस मला कराडच्या बाजूला एका शेडवर घेऊन गेला. तिथे एकाच जातीच्या दोन निळ्या गाड्या होत्या. एकीचं तोंड गेलेलं, दुसरीची पाठ. दोन्ही मधोमध कापायच्या आणि चांगला अर्धा चांगल्या अर्ध्याला जोडायचा. अकरा दिवस लागले. “ही रस्त्यावर जाणार न्हाई,” शेडवाला म्हणाला होता. “एका रिसॉर्टच्या दारात उभी करायचीय, शोभंला.” मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं. शोभेच्या गाडीला इंजिन कशाला जोडताय, हे मी विचारलं नाही. नुसती उभी राहणार म्हणून आतून जोडपट्ट्याही दिल्या नाहीत. वरून सांधा मात्र असा साफ केला की शेडवाल्यानं पाठ थोपटली. मलाही अभिमान वाटला होता.

आता ती लाल होऊन माझ्यासमोर उभी होती. चार चाकांवर, कागदपत्रांसकट.

“काय मिस्त्री, आत झोप लागली का?” अण्णांनी हाक मारली.

मी बाहेर आलो. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात अण्णा पलीकडच्या दारानं ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि नुकतं चालू केलेलं इंजिन ऐकत होते. त्या चेहऱ्यावर सेहेचाळीस वर्षं नव्हतीच.

मी फडक्यानं हात पुसले आणि आवाज चढवून म्हणालो, “अण्णा, उतरा खाली. ही गाडी घेऊ नका.”

“का हो? काय झालं?”

“दोन गाड्या आहेत ह्या. मधोमध कापून जोडल्यात. एक दणका बसला की दोन तुकडे होतील. माणूस वाचायचा नाही.”

शेजारच्या ट्रकमागून दोघेजण मान काढून बघायला लागले. शेलारचा चेहरा खर्रकन उतरला.

“आवो, काय बोलताय राव! मी पुण्यातनं घेतलीय. कागद समदे हायेत माझ्याकडं. देवाशप्पथ, मला असलं काय ठावं न्हाई.”

“तुम्हाला ठाऊक नसंल. मी सांगतोय ना!”

अण्णांनी इंजिन बंद केलं. सावकाश उतरले. माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि चेहरा एकदम सुतकी केला.

“राहू दे मग, शेलार,” ते म्हणाले. “आमच्या मिस्त्रीचा शब्द म्हणजे शब्द. चला हो.”

आम्ही व्हॅनच्या दिशेनं चालू लागलो. सातवं पाऊल पडायच्या आत शेलार मागून धावत आला. भाव इतका खाली आला की तेवढा मी आजवर कुठल्याच सौद्यात उतरलेला पाहिला नव्हता. ज्याच्या मनात खरोखरच शंका शिरलीय तो माणूसच असा घसरतो. हे अण्णांना एरवी कळलं असतं. पण त्या दिवशी त्यांना फक्त माझं नाटक रंगलेलं दिसत होतं.

अर्ध्या तासात कागदांवर सह्या झाल्या. अण्णांनी नारळ फोडला. बॉनेटवर पाणी उडालं, ते त्यांनी माझ्याकडचं फडकं ओढून घेऊन पुसलं आणि फडकं आपल्याच खिशात कोंबलं.

“बसा शेजारी, मिस्त्री. पहिला मान तुमचा.”

“नको. व्हॅन कोण आणणार?” मी म्हणालो.

सगळ्या वाटेत मी त्या लाल गाडीच्या मागे होतो. रस्त्यात खड्डा आला की माझे दात आवळले जायचे. कराडच्या पुढे अण्णा चहाला थांबले. टेबलाशी बसल्या बसल्या त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“आयला, काय ते ॲक्टिंग! दोन गाड्या जोडल्यात म्हणे! एवढं मोठं खोटं तुम्ही जन्मात बोलला न्हाईसा. तो शेलार कसा पांढरा पडला, बघितलं न्हवं?”

चहा समोर होता. हॉटेलात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. नोकर लांब उभा राहून बाहेरची गाडी बघत होता.

“अण्णा,” मी म्हणालो.

“बोला की.”

“जरा सावकाश चालवा. नवीन हात आहे तुमचा.”

“व्हय व्हय,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी खारी बिस्किटं मागवली.

घरी पद्मजा वहिनी ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. गाडीला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग माझ्याकडे वळल्या.

“मिस्त्री, खरं सांगा. तुम्ही हो म्हणालासा न्हवं?”

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच हसत सुटले. “अगं, हो कुठलं? त्यांनी तर नको म्हणून सांगितलं! भर आवारात ओरडले, ही घेऊ नका, दोन तुकडे होतील, माणूस मरंल! म्हणून तर एवढी स्वस्त पडली.”

आमचं दोष काढायचं नाटक घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी हसल्या. अण्णांची आई जोत्यावर बसली होती, तीही हसली. मीही हसलो. तो हसण्याचा आवाज माझा होता, एवढं मला आठवतं.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी गाडी फाउंड्रीच्या फाटकातून आत यायची आणि माझ्या गॅरेजसमोर एक हॉर्न वाजायचा. रोज मी ठरवायचो, आज गाडी ठेवून घेतो, आतून पट्ट्या मारून देतो, काहीतरी कारण सांगून. एकदा म्हटलंही, “अण्णा, दोन दिवस गाडी सोडा माझ्याकडं. गंज धरू नये म्हणून खालनं कोट मारतो.” ते म्हणाले, “पावसाळ्याआधी बघू की. आत्ता कुठं हातात बसतीय.” मी पुन्हा म्हटलं नाही. बळेच किल्ली मागितली असती तर त्यांनी दिली असती. पण गाडी वर उचलली की तेही खाली येऊन बघणार, हे मला माहीत होतं.

चौथ्या रविवारी अण्णा सकाळीच बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला निघाले. वहिनी जाणार होत्या, पण सासूला ताप भरला म्हणून मागे राहिल्या. हातकणंगल्याच्या पुढे कुत्रं आडवं आलं. ते वाचवताना गाडी रस्ता सोडून कडेच्या चिंचेवर गेली. बघणारे सांगत होते, वेग काहीच नव्हता. दुसऱ्या कुठल्या गाडीत असते तर अण्णांचा एखादा हात मोडला असता. ही गाडी मधोमध उघडली. पुढचा अर्धा झाडाशी राहिला, मागचा चाऱ्याच्या शेतात. अण्णा दोन्हींच्या मधे पडले होते.

मगदुमांचा मिस्त्री म्हणून मलाच बोलावणं आलं, गाडी उचलायला. मी गेलो. सांधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवला होता, पण सीलर तसाच होता. त्याच्यावरचा वळही. मी खिशातून पाती काढली आणि पोलीस पंचनाम्याचे कागद भरत होता तेवढ्यात तो वळ खरवडून टाकला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे चौकशी झाली. शेलारनं स्वतःची मान सोडवायला जबाब दिला, की यांच्याच मिस्त्रीनं माझ्या आवारात ओरडून सांगितलं होतं, तरी त्यांनी हट्टानं गाडी घेतली. ट्रकमागच्या दोघांनी साक्ष दिली. माझा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. गाडी कुणी जोडली, ते सापडलं नाही. कराडचा शेडवाला कधीच गाशा गुंडाळून गेला होता.

अण्णांचे दिवस झाल्यावर वहिनींनी मला घरी बोलावलं. घर माणसांनी भरलं होतं. वहिनी आतून आल्या, आणि माझ्याहून वयानं लहान नसलेली ती बाई सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायला वाकली.

“अहो वहिनी, हे काय!” मी मागे सरलो.

“सगळ्यांत तुम्ही एकटे खरं बोललासा,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी हसण्यावारी नेलं. मीही हसले. तुम्ही भर आवारात ओरडून सांगितलंत, आणि आम्ही हसलो, मिस्त्री.”

कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी आत जाऊन एक पिशवी घेऊन आल्या. “हे गाडीत सापडलं. ह्यांनी पुढच्या खणात, भगवंताच्या फोटोखाली घडी करून ठेवलं होतं. तुमचंच न्हवं?”

माझं फडकं होतं. त्यांनी ते धुतलं होतं, इस्त्री केली होती.

“एवढं का जपून ठेवलं असेल हो?” त्यांनी विचारलं.

“काय माहीत,” मी म्हणालो.

मला माहीत होतं. शेलारच्या आवारात मी ओरडलो ते सगळं खरं होतं. पण ओरडण्याआधी मी हात पुसले आणि फडकं खांद्यावर टाकलं. चुकून नाही. बॉनेटवर ठेवलं असतं तर अण्णांनी मला बाजूला घेतलं असतं, कशावरनं, दाखवा म्हणाले असते, आणि कार्पेटखाली त्यांना माझी सही दिसली असती. मी घाबरलो. खरं बोलायचंही होतं आणि ते खरं वाटायलाही नको होतं, म्हणून ज्या आवाजात मी पंधरा वर्षं खोटं बोललो त्याच आवाजात ते सांगून टाकलं. अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं तेव्हा ते चेहरा बघत नव्हते, खांदा बघत होते. माझ्या त्या ‘हो’ला त्यांनी देवाच्या फोटोखाली जागा दिली.

याला आता एकोणीस वर्षं झाली. अण्णांच्या तिथीला मगदुमांच्या घरी दिवस मावळायच्या आत पंगत बसते आणि पहिलं पान माझं असतं. वहिनी स्वतः वाढतात. नव्या सुनांना, जावयांना मला दाखवून सांगतात, “हे हिंदुराव मिस्त्री. खरं बोलणारा माणूस. ह्यांचं ऐकलं असतं तर आज तुमचे सासरे पंगतीत असते.”

सगळे माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालतो, ते त्यांना विनय वाटतो.

“आणखी एक पोळी घ्या, मिस्त्री,” वहिनी म्हणतात.

मी हो म्हणतो.